इंजिन मोकळं होईपर्यंत

सत्तर-ऐंशीच्या दशकात रस्त्यावरची नवी कोरी गाडी तिच्या मागच्या काचेवरून ओळखू यायची. काचेला आतून पुठ्ठ्याची पाटी लावलेली असायची : ‘रनिंग इन’. कुणी त्याखाली ‘कृपया पुढे जा’ असंही लिहायचं. पाटीवाली गाडी डाव्या कडेने ताशी चाळिसाच्या वेगाने चाललेली असे आणि मागून आलेला ट्रकवाला हॉर्नचा फारसा धोशा न लावता बाजूने निघून जाई. त्यालाही ठाऊक असे, इंजिन नवं आहे, आत्ताच पळवलं तर पुढे जन्मभर धूर ओकत राहील.

आता ती पाटी दिसत नाही. दसऱ्याला शोरूममधून बाहेर पडलेली गाडी संध्याकाळपर्यंत एक्स्प्रेसवेवर शंभराच्या वेगाने धावत असते, आणि बहुतेक वेळा तिला काही होतही नाही. या चाळीस-पन्नास वर्षांत इंजिनं बदलली, ती घडवणारी यंत्रं बदलली, ऑइल बदललं. गाडी बनवण्याच्या कामातला शेवटचा जो हात पूर्वी मालकाला फिरवावा लागायचा, तो आता कारखान्यातच फिरून येतो. हे चांगलंच झालं. तरीही त्या पहिल्या हजार किलोमीटरांची मला मनापासून आठवण येते.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आली ती बरीच वाट पाहायला लावून. आधी पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि मग वर्षांच्या हिशोबात थांबायचं, अशी तेव्हा रीतच होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी मूळची इटलीची फियाट. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बुरेटर, ओढायचा चोक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि मग आबांनी घरात सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पहिले काही दिवस चाळिसाच्या वर नाही. गाडीत तीनपेक्षा जास्त माणसं नाहीत. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस करायची नाही. टॉप गिअरमध्ये गाडी कण्हायला लागली तर ताबडतोब खालचा गिअर. चौथ्या नियमाचं आम्हा मुलांना सर्वांत नवल वाटे, कारण ‘कण्हणं’ म्हणजे काय हे आबा आम्हाला गाडीतच ऐकवायचे. इंजिनचा आवाज जड व्हायचा, डॅशबोर्डला बारीक कंप सुटायचा, आणि आबांचा हात आपसूक गिअरकडे जायचा.

या सगळ्या जपणुकीमागे निव्वळ मायाच होती असं नाही, पक्कं कारणही होतं. सिलिंडर आतून गुळगुळीत, आरशासारखा असतो असं आपल्याला वाटतं. तो तसा नसतो आणि असूनही चालत नाही. बोअर झाल्यावर दगड फिरवून आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढतात. याला होनिंग म्हणतात. त्या रेघांत ऑइल टिकून राहतं. पण रेघांमधले कंगोरे नव्या इंजिनात टोकदार असतात आणि पिस्टनच्या रिंगाही अजून त्या भिंतीच्या झालेल्या नसतात. टाकी लावलेल्या पाट्यासारखंच हे. नव्याने टाकी लावली की पहिलं वाटण आपण फेकून देतो, कारण त्यात दगडाची कच उतरते. दोनचार वाटणांनंतर पाटा नीट चालू लागतो, आणि फार गुळगुळीत झाला तर वाटण सरकतं, वाटलं जातच नाही. इंजिनात हेच घडतं, फक्त भयंकर वेगात. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे एकेक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली जातो. प्रत्येक वेळी रिंग कंगोऱ्यांवरून घासते, टोकं झिजतात, रिंगही त्या सिलिंडरच्या घडणीप्रमाणे झिजत जाते, आणि एक वेळ अशी येते की दोघांत गॅस निसटायला वाव उरत नाही. मेस्त्री लोक म्हणतात, ‘रिंगा बसल्या.’

रिंगा बसायच्या आत इंजिनात बरंच काही निसटत असतं. पेट्रोल जळून तयार झालेला दाब पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या टाकीकडे पळतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं तर तिथून वाफेसारखा झोत येतो. ऑइल वर चढतं, जळतं, मागून निळसर धूर दिसतो. ॲव्हरेज कमी मिळतं. घर्षण जास्त म्हणून इंजिन लवकर तापतं, आणि तापलेली टोकं भिंतीला ओरखडे पाडतात. गाडी सावकाश चालवण्यामागे हीच भीती असे. त्या काळच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर आजच्याइतक्या काटेकोरपणे राखलेलं नसायचं आणि ऑइलही एकाच ग्रेडचं, थंडीत घट्ट अन् तापल्यावर पातळ होणारं. पहिल्या दिवशी कुणी इंजिन ताणलं तर पिस्टन पकडण्याची, म्हणजे इंजिन बसण्याची, खरोखर शक्यता होती.

पण जपणं म्हणजे फक्त हळू चालवणं नव्हे, हे मला पहिल्यांदा आमच्या मेस्त्रींनी सांगितलं. अंगावर खाकी शर्ट, खिशात फट मोजायचं फिलर गेज, बोलणं मोजकं. आबा गाडी अतिशय हलक्या पायाने चालवतात हे त्यांना पसंत नव्हतं. ते म्हणत, ‘साहेब, मधूनमधून थोडं ओढा, मग सोडा. नुसतं रांगवत ठेवलंत तर रिंगा कधीच बसायच्या नाहीत.’ यामागचं शास्त्र नंतर वाचताना उलगडलं. रिंग भिंतीला चिकटते ती स्वतःच्या ताणाने थोडी, पण मुख्यतः जळणाऱ्या गॅसच्या दाबाने. दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर भारच आला नाही तर दाब कमी, रिंग सैल, आणि भिंतीवर उरलेलं ऑइल भाजून काचेसारखा थर जमतो. तो एकदा जमला की रिंग त्यावरून नुसती घसरते. अशी गाडी आयुष्यभर ऑइल पीत राहते. उलट ॲक्सिलरेटर सोडला की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, थोडं ऑइल वर ओढलं जातं, झिजलेली कच धुऊन निघते आणि रिंगांना गारवा मिळतो. म्हणून वेग सतत बदलता ठेवायचा, घाईने नाही आणि एकाच ठिकाणी अडकूनही नाही.

या कामाला घाटासारखी दुसरी जागा नाही. आमची पहिली मोठी फेरी जेजुरीची होती, दिवे घाटातून. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर बेताचा भार, मध्ये वळणावर पाय ढिला, पुन्हा भार. उतरताना गिअरमध्येच ठेवून इंजिनला गाडी धरायला लावायची. वर पोचल्यावर आबांनी बॉनेट उघडून गाडी थोडा वेळ निवू दिली. तिथे दुसरीही एक गाडी उभी होती, तीही नवी, तीही पाटीवाली. दोन अनोळखी कुटुंबांतले कर्ते पुरुष एकमेकांच्या इंजिनात डोकावून ऑइलच्या काड्या पुसून पाहत होते, किती किलोमीटर झाले ते विचारत होते. नव्या गाडीचे मालक अशा ठिकाणी सहज ओळखीचे होत. खंडाळ्याच्या घाटात, खोपोलीच्या पायथ्याशी, कुठेही.

पहिलं ऑइल बदलणं हा मात्र खरा सोहळा. गाडी फिरवून आणून इंजिन गरम असतानाच मेस्त्री खाली सरकायचे, ड्रेनचा नट सैल करून बोटांनी फिरवत शेवटच्या आट्याला झटकन हात मागे घ्यायचे. पसरट घमेल्यात ऑइल धारेने पडायचं. ते काळंकुट्ट नसे, करडं असे, आणि उन्हात घमेलं तिरकं केलं की पृष्ठभागावर रुपेरी झाक फिरायची. त्यात बोट बुडवून मेस्त्री अंगठ्याशी चोळायचे. बारीक चमकी लागली तर ठीक, ती कंगोऱ्यांची आणि रिंगांची झीज. कण हाताला टोचला तर गोष्ट वेगळी. आमच्या गाडीत टोचलं नाही. मग सिलिंडर हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळले जायचे, कारण गरम-थंड होऊन गॅस्केट दबलेलं असे. टॅपेटचं अंतर फिलर गेजने तपासलं जायचं. सर्वांत शेवटी कार्बुरेटरच्या स्क्रूने स्लो स्पीड, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन फिरण्याचा वेग, खाली आणला जायचा. ही गोष्ट मला फार आवडे : इंजिन मोकळं होत गेलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच पेट्रोलवर ते जागच्या जागी जास्त जोराने फिरू लागतं. कुणी काही न करता स्लो स्पीड वाढला, म्हणजे रिंगा बसत चालल्याची ती खूण.

स्कूटरवाल्यांचंही असंच होतं. बजाज चेतक 1972 मध्ये आली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यासाठी लोक थांबत राहिले. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. नवी असताना मालक ते थोडं जास्तच घालायचे आणि पांढऱ्या धुराचा झोत मागे सोडत मोठ्या समाधानाने ऑफिसला जायचे.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 मालकाच्या हाती गेली आणि चित्र बदलू लागलं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन चालू होताच एकसारखं फिरे. रनिंग इनची सूचना तिच्याही पुस्तिकेत होती, पण गाडीच्या आवाजात तिची गरज जाणवत नव्हती. पाट्या कमी होत गेल्या. त्यानंतरच्या काळात होनिंगच दोन पायऱ्यांत होऊ लागलं. आधी जाड दगडाने खोल रेघा, मग बारीक दगडाने त्यांचे कंगोरे कारखान्यातच छाटायचे. ऑइल साठवणारे चर राहतात आणि टोकं उरत नाहीत. रिंगांवर कठीण, गुळगुळीत लेप आले. बऱ्याच कारखान्यांत इंजिन पेट्रोल न घालताच विजेच्या मोटरने फिरवून बघतात, दाब आणि घर्षण सेन्सरने मोजतात. ऑइल 0W-20 सारखं पाण्यागत पातळ झालं. स्लो स्पीड कॉम्प्युटर स्वतःच सांभाळतो. अनेक गाड्यांत पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलतही नाहीत.

या इंजिनांची तक्रार कोण करेल? आबांच्या पद्मिनीचं हेड काही वर्षांत उतरवावं लागलं, पुढे बोअर करावं लागलं. आजचं इंजिन लाखावर किलोमीटर न उघडता जातं. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. रिंगा आजही पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरांतच पूर्ण बसतात. ब्रेकचे पॅड, क्लच, गिअरचे दाते यांनाही एकमेकांशी जुळायला काही अंतर लागतं, आणि ॲव्हरेज आजही हळूहळूच सुधारतं. पुस्तिकेच्या मधल्या कुठल्या तरी पानावर ते छापलेलं असतं : सुरुवातीला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, फार वेळ एकाच वेगाने जाऊ नका. माझ्या पुतण्याने गाडी घेतली तेव्हा ते पान मी त्याला उघडून दिलं. क्रूझ कंट्रोल लावून तासभर एकाच वेगाने जाणं नव्या इंजिनाला मानवत नाही, हे त्याला पटलं. त्याने पहिला महिना एक्स्प्रेसवे टाळून जुन्या हायवेने ये-जा केली. घाटात मी त्याला रेडिओ बंद करायला लावला. पण खरं सांगायचं तर ऐकण्यासारखं फार काही नव्हतं. इंजिन इतकं झाकलेलं, इतकं शांत, की ते मोकळं होतंय हे कानाला कळण्याची सोयच नाही. मला रुखरुख वाटते ती याची. यंत्र आपल्या हाताखाली दिवसागणिक सुधारतंय, कालच्यापेक्षा आज हलकं चाललंय, हे कळण्यातलं सुख फार मोठं होतं, आणि ते साध्या नोकरदाराला, रिक्षावाल्याला, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांना मिळायचं.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर गेली. शेवटची टॅक्सी 2003 मध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली. पण खासगी पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांच्यामुळे जुन्या पद्धतीचं रनिंग इनही शिल्लक आहे. आमच्या ओळखीतला एक इंजिनिअर मुलगा आजोबांची गाडी पुन्हा उभी करतोय. ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअर केला, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, होनिंग हातानेच करून घेतलं. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा स्टार्टर जड फिरत होता आणि स्लो स्पीडवर ते सारखं बंद पडत होतं. आता सव्वातीनशे किलोमीटर झालेत. परवा त्याचा फोन आला : काका, स्क्रूला हात लावला नाही, पण स्लो स्पीड वाढलाय, काही बिघडलंय का? मी त्याला अर्धा आटा मागे घ्यायला सांगितलं. पाचशे झाले की ऑइल काढायचं आहे, घमेलं माझ्याकडचं नेणार आहे, आणि त्यानंतर चार माणसं बसवून दिवे घाट.