नाल्याअलीकडचे मोह

आमच्या गावाची हद्द कुठे संपते, हे मी एका दुपारी वहीत लिहून टाकलं, ‘पूर्वेस नाला’. देवरी तालुक्यातलं जंगलातलं गाव. वनहक्क समितीचा सचिव मी, चार बुकं शिकलेला म्हणून निवडलेला. सामूहिक वनहक्काचा दावा लवकर टाकायचा होता आणि नकाशावर नाला ठळक दिसत होता. पलीकडच्या गावाला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मला गरजच वाटली नाही.

मार्चमध्ये मोह गळायला लागला. पहाटे पलीकडच्या बाया टोपल्या घेऊन नाला ओलांडून आल्या, तर आमच्या दोन पोरांनी त्यांना अडवलं. ‘आता हे आमच्या दाव्यात आहे.’ टोपल्या उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन नाल्यावर उभी.

चिचगड-ककोडीकडचा हा पट्टा छत्तीसगडला लागून आहे आणि तेव्हा इथे नक्षल्यांच्या दलमचा वावर होता. गावात न मिटलेलं भांडण एकतर ठाण्यात जायचं, नाहीतर रात्री जंगलात. दोन्हीकडून ते मोठं होऊनच परत यायचं. कुणावर खबऱ्याचा शिक्का बसायचा, कुणावर नक्षल समर्थकाचा. म्हणून म्हातारी माणसं एकच धरून बसली, नाल्यावरचं नाल्यावरच मिटवा.

पण मिटवायचं कुणी? तंटामुक्त गाव समिती होती. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यभर मोहीम निघाली तेव्हापासून आहे. खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यात ही समिती पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावण्यासाठीच जास्त ओळखली जाते. दोन हार, दोन खुर्च्या आणि पेपरात फोटो. शिवाय तिचा शब्द गावापुरता, नाल्यापलीकडे तिला कोण विचारतो? मग एका संस्थेच्या कार्यकर्त्याने वनहक्क कायद्याच्या नियमांचं पुस्तक काढलं. बाराव्या नियमात सरळ लिहिलंय, दोन गावांच्या हद्दीचा वाद असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं आणि निष्कर्ष लेखी आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवावा. मी हे आधी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही नाला लिहिला होता.

बैठक जमवली ती बचत गटांनी. आमच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या लेकी आमच्या सुना. निरोप गेला, काठ्या घरी ठेवून या, चहा आमचा. दोन्ही वनहक्क समित्या, दोन्ही तंटामुक्त समित्या, गटाच्या बाया, सगळे झाडाखाली. तासभर पुरुष बोलले. त्यातून काही निघालं नाही.

मग एक आत्याबाई उठल्या. आमच्या गावच्या लेक, पलीकडे नांदलेल्या. ‘बसून का करता, चाला,’ म्हणाल्या. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात. त्यानं वणवा लागतो, वन विभाग ओरडतो आणि ते चूक नाही. पण ज्याचं झाड तोच त्याखाली जाळतो. आत्याबाई प्रत्येक काळ्या गोलापाशी थांबून पायानं राख उकरायच्या आणि घराचं नाव घ्यायच्या. आमच्यातला एकही माणूस ‘नाही’ म्हणाला नाही. नाल्याच्या आमच्या बाजूला सात झाडं पलीकडच्या गावाची निघाली. शेवटच्या झाडाखाली आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

‘बापू, नाला तं पाण्याचा हाये. मोहाले का मालूम तो कोन्या गावचा?’

हद्द नालाच राहिली. सात मोह, तिथे जायची वाट आणि गुरांचं पाणी त्यांचं, असं दोन्ही ठरावांत लिहिलं. ज्या पोरांनी टोपल्या सांडल्या त्यांनी दोन पायल्या मोह भरून दिला. तेंदूपत्त्याचं मात्र त्या दिवशी सुटलं नाही. त्याला आणखी दोन बैठका लागल्या आणि एकीतून तर मीच रागावून उठून गेलो होतो.

इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. ‘उभयपक्षी चर्चेअंती’ असं त्यात लिहिलंय, राखेचा उल्लेख नाही. ठरावाखाली दोन्ही अध्यक्षांच्या सह्या आहेत. आत्याबाईंचा अंगठा त्यांच्या वर आहे, कारण त्यांनी तो आधी लावला.