मिरजेचा षड्ज

मिरजेला माणसे पूर्वापार दोन कारणांनी येतात : उपचारांसाठी आणि तंबोऱ्यासाठी. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय सुरू केले आणि गावाची वैद्यकीय कीर्ती दूरवर पसरली. त्याही आधी, फटाक्याने डोळ्यांना इजा झालेले कुरुंदवाडचे बालक विष्णु दिगंबर पलुस्कर उपचारांसाठी येथेच आले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. मात्र बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू लाभले.

आम्हीही दोन्ही कारणांनी गेलो होतो. वर्षापूर्वी बाबांना पक्षाघात झाला. चालणे सुधारले, पण शब्द सापडेनासे झाले. पूर्वी आमच्या घरी रोज तिन्हीसांजेला अभंग होत. बाबा सांगत, आम्ही मागून म्हणत असू. आजारपणानंतर ‘त्यांना वाईट वाटेल’ या विचाराने कोणीच गाईना. तंबोरा कोपऱ्यात गवसणीत पडून राहिला. त्याची तपासणी आणि बाबांचीही, अशी दोन कामे घेऊन आम्ही मिरजेत उतरलो.

सतारमेकरांच्या गल्लीत भोपळ्यांच्या राशी आणि ओल्या लाकडाचा वास होता. कारागिरांनी घोडीवर हळुवार कानस फिरवून जवारी काढली, तारेखालचा दोरा जरासा सरकवला, आणि मुका झालेला तंबोरा भरून बोलू लागला. बाबांनी डोळे मिटले. क्षणभराने त्यांच्या तोंडून षड्ज निघाला. थरथरता, पण सुरात. आईने पदर तोंडाला लावला.

त्या दिवसांत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचा उरूस होता. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांची कबर याच आवारात आहे. त्यांच्या स्मरणार्थ उरसात गायक-वादक येथे हजेरी लावतात. रात्री आम्ही सतरंजीवर बसलो. कोणाच्या मांडीवर मूल झोपले होते, एक आजोबा गुडघ्यावर ताल धरून होते. ‘तुम्हाला गाण्यातले कळते का?’ असे तेथे कोणी कोणाला विचारत नव्हते. बाबांचा अधू उजवा हात सम आली की अलगद उचलला जाई.

मुक्कामी परतल्यावर आईने कोणाला न विचारता आमचा नेहमीचा अभंग सुरू केला. दुसऱ्या चरणाला बाबा शब्दांसकट आले.

हा चमत्कार नव्हे. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. सुरावटीच्या कामात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. म्हणून वाचा गेलेल्या काही रुग्णांना पाठ असलेले गाणे म्हणता येते. हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही, आणि वाचोपचारांना तो पर्यायही नव्हे. बाबांचे पाण्यासाठीचे शब्द आजही अडतात.

पण आमची चूक आम्हाला उमगली. त्यांना जपण्यासाठी पाळलेल्या मौनाने त्यांचा एक मोकळा रस्ता आम्हीच अडवला होता. आता रोज तिन्हीसांजेला दहा मिनिटे तंबोरा लागतो. नातवाचा सूर हटकून चढतो, माझा हमखास उतरतो. बाबा मान हलवून दोघांनाही रागावतात, आणि पुढचा चरण स्वतः उचलतात.