क्यार आणि गळ

२०१९ च्या दिवाळीत आम्ही सगळे देवगडला गेलो होतो. नातवाला खडकावर बसून गळ टाकायचा होता. दोरी, गळ, शिसं अशी जय्यत तयारी! पण नेमकं तेव्हाच अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठलं. पावसापाण्यात घरात बसून पत्ते खेळलो आणि सुकटीवर दिवस काढले.

एका दुपारी जरा उघडीप मिळाली तसे बंदरावर गेलो. आडोशाचं बंदर ते, बोटींनी गच्च भरलेलं. परराज्यांतल्या बोटीसुद्धा आश्रयाला आलेल्या. ताडपत्रीखाली एक म्हातारबाबा जाळं सांधत बसले होते. नातवाने विचारलं, "आजोबा, इथे गळ टाकू?"

"नको रे बाळा, दर्यो खवळलो हा."

मग त्यांनी मला हिशोब सांगितला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेनंतर कमाईचे दिवस, त्यात हे वादळ. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे काही थांबत नाहीत. बोलण्यात रड नव्हती, हात चालूच होते. नातवाच्या हातात सुई देऊन त्यांनी त्याला जाळ्याची गाठ शिकवली. पोरगं तासभर हललं नाही!

क्यार किनाऱ्यावर न येताच पश्चिमेकडे गेलं. आमची सुट्टी संपली, आम्ही परतलो. त्यांचे बुडालेले दिवस मात्र कोण भरून देणार?

तेव्हापासून मासळीबाजारात घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. आमची ही करते, ते सोडा!