गुरुजींचा फासा

नांदगाव पेठेत, नागपूर-अमरावती महामार्गाच्या अलीकडे माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा, असं सगळं. सुरुवातीला प्रत्येकाचा पासवर्ड मी एकाच साच्यात ठेवायचो: नाव आणि पुढे १२३. त्या साच्यामुळे एका मुलीचं शिष्यवृत्तीचं खातं कुणीतरी उघडलं आणि तिचा अर्ज रद्द केला. ती दुकानात येऊन नुसती बसून राहिली. चूक माझी होती.

त्या रात्री मी जावास्क्रिप्टमध्ये पासवर्ड बनवणारं छोटं पान लिहिलं. मॅथ.रँडम वापरून.

नोव्हेंबरात गुरुजी हयातीचा दाखला काढायला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलेलं. पडद्यावरची अक्षरं पाहून म्हणाले, "हे कोन निवडते?"

"संगणक, गुरुजी."

"त्याले कोनं सांगतलं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून शोधलं. मॅथ.रँडम हे एका ठरलेल्या सूत्राचं गणित निघालं. क्रोममध्ये त्या सूत्राचं नाव एक्सॉरशिफ्ट१२८+. सलग काही आकडे हाती लागले की जाणकार पुढचे काढू शकतो. पासवर्डसाठी ब्राउझरमध्ये वेगळी सोय असते, क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज. मी ती घेतली. शून्य ते २५५ मधला आकडा घ्यायचा, त्याला अक्षरांच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल ते अक्षर. मोठा ओ आणि शून्य, मोठा आय, छोटा एल आणि एक यांत लोक गोंधळतात. ही पाच काढल्यावर इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं आणि अंक मिळून ६२ पैकी ५७ उरली.

पुढच्या खेपेला मी ते गुरुजींना मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी खिशातून नातवाचा लुडोचा फासा काढून काउंटरवर ठेवला.

"पाय बापू, पोरं चार, घरं सहा. ईश्वरचिठ्ठी काढाची. पाच आन् सहा पडले तं कोनाले देशीन?"

"पुन्हा पहिल्याला, दुसऱ्याला."

"मंग तिसऱ्याचं काय चुकलं?"

मी कागद ओढला. ५७ चोक २२८. २५६ मधून २२८ गेले, २८ उरले. म्हणजे पहिल्या २८ अक्षरांना पाच संधी आणि बाकीच्या २९ ना चारच. माझे पासवर्ड एका बाजूला झुकत होते आणि डोळ्यांना ते कधी दिसलं नसतं. गुरुजींनी फासा पुन्हा टाकला. पाच पडला. त्यांनी तो न मोजता उचलला आणि परत टाकला. उपाय तेवढाच: २२८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर सोडून द्यायचा, नवा मागायचा. बारा अक्षरांचा असा पासवर्ड एकावर एकवीस शून्यांपेक्षा जास्त प्रकारे बनू शकतो.

संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण वाटणी खरी कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या कामात नेमकं तेवढंच कमी होतं. मी पैसे न घेता दाखला काढून दिला, तर त्यांनी नोट काउंटरवर ठेवली आणि निघून गेले.

आता ते लेकीकडे अकोल्याला असतात. तो फासा त्यांनी माझ्याकडेच राहू दिला.

गावोगावी दुकानात बसून दुसऱ्यांचे पासवर्ड बनवणाऱ्या मुलांनो, आज दुकान बंद करण्याआधी आपला कोड उघडा. मॅथ.रँडम असेल तर काढून टाका, आणि भागाकारात न बसणारे आकडे सोडून द्या.