सव्वा महिन्यानंतर

बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून आई बाहेर येते ती स्वतःच्या जिद्दीवर, असं आपण धरून चालतो. ‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’ हा सल्ला त्यातूनच येतो. मला तो क्रूर वाटतो, आणि तो खोडून काढणारा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यांतल्या ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं, आणि बाळ सहा महिन्यांचं झालं तरी निम्म्याहून अधिक जणी सावरल्या नव्हत्या. नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि पैशाची ओढाताण यांचा या आजाराशी ठळक संबंध दिसला. मुलगा झाला की मुलगी, यानुसारही या कारणांचा परिणाम कमीजास्त होत होता. शरीरातल्या संप्रेरकांची उलथापालथ तर प्रत्येक बाळंतिणीची होते. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, त्यांच्या दुखण्याची मुळं पुष्कळदा घरात असतात. ती एकट्या बाईने मन घट्ट करून कशी उपटायची?

यावर हमखास उत्तर येतं, की आपल्याकडे माहेर आहे. डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, मालिशवाली बाई, बाळाला न्हाऊमाखू घालणारे अनुभवी हात. या रीतीचं मोल मला कळतं. कुणीतरी बाळ उचलून नेलं आणि आईला दोन तास सलग झोप मिळाली, तर ते औषधच आहे. पण ही शुश्रूषा अंग भरून यावं आणि दूध यावं यासाठी बेतलेली आहे. शिवाय ती सव्वा महिन्यात, फार तर तिसऱ्या महिन्यात संपते आणि बाई बाळाला घेऊन सासरी परतते. आजार मात्र तेव्हा ऐन भरात असू शकतो. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हेही मला पटत नाही. होतं, त्याला बाळंतवात म्हणत, किंवा बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत.

मग बरं कशाने वाटतं? पुन्हा गोव्याकडेच पाहू. तिथे नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांवर एक प्रयोग झाला. गावातल्याच, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या बायका ‘सखी’ म्हणून त्यांच्या घरी जात, बोलत, घरच्यांनाही सामील करून घेत. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के जणी आजारातून बाहेर आल्या होत्या. न मिळालेल्यांपैकी ६० टक्के. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि ६० टक्के आपोआप सावरतात तर एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण उरलेल्या चाळीस कोणत्या, हे आधी कुणाला ठाऊक असतं? आणि जी पुढेमागे सावरणारच आहे, तिनेही बाळाचे पहिले सहा महिने असे का काढावेत? दुखणं तीव्र असेल तर नुसत्या बोलण्यावर भागत नाही, औषधं लागतात. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. दुधाच्या धास्तीने ती टाळू नयेत. जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनही आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगते, ताप बघते, आईला अंगावरून किती जातंय ते विचारते. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न मावतो: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? हे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीत अवघे दहा प्रश्न आहेत. उदास वाटून झोप न लागणं त्यात येतं, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. असं विचारल्याने नको ते मनात भरतं, ही भीती निराधार आहे. विचारलं की बाईला बोलायला वाट मिळते. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून हे काम फुकट त्यांच्या माथी मारू नये, त्याचा मोबदला वेगळा हवा. आणि ४२ व्या दिवसानंतर, बाई सासरी पोचल्यावर, तिथल्या आशाताईने तिचं दार पुन्हा वाजवावं, यासाठी दोन्ही गावांच्या नोंदी एकमेकींना जोडायला हव्यात.