काकांचे चार ओम

आम्ही इंदूरकर, घरात मराठी आणि दुकानात ‘भिया’. काका मिलमध्ये मोटारींचं वाइंडिंग करायचे. मिल बंद पडली, तेव्हा त्यांनी कार स्टिरिओचं दुकान टाकलं. शाळा सुटली की मी तिथेच.

गिऱ्हाईक दोन वूफर आणायचं, ‘भिया, काँच हिलना चाहिए!’ प्रत्येक वूफरमध्ये 4 ओमच्या दोन कॉइल. चारही पॅरलल जोडल्या की 1 ओम. आवाज मोठा, पण अॅम्प्लिफायर 4 ओमच्या खाली चालणारा नसेल तर करंट जास्त ओढतो, तापतो, कधी जळतोच. काका प्रत्येक वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये घ्यायचे, झाले 8. मग दोन्ही वूफर पॅरलल, बरोबर 4. मीटर लावल्याशिवाय अॅम्प जोडायचे नाहीत. मीटर साडेतीनच्या आसपास दाखवायचा. तो फक्त तारेचा रोध मोजतो, म्हणून थोडा कमी.

1 ओमवर जोडून देणारी दुकानं होतीच. गिऱ्हाईक तिकडे वळायचं. काकू वैतागायची, ‘अहो, तो म्हणतोय तसं द्या ना जोडून!’

‘जळक्या कॉइलचा वास मिलमध्ये खूप घेतलाय. आता नाही.’

पुढे त्यातलेच काहीजण जळका अॅम्प घेऊन परत यायचे. काका एक शब्द न बोलता तारा सोडवायला बसायचे. त्या भरवशावर घर चाललं, माझं इंजिनिअरिंगही झालं.

तुमच्याकडे मिलमधून बाहेर पडून कोणी काय उभं केलं? जरूर लिहा.