सात-आठ-आठ

दहावीला मला 78.60 टक्के मिळाले. साल 2019. बार्शीत तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही, उलट वर्गात तिसरा आलो म्हणून आईने गल्लीत पेढे वाटले. त्या वर्षी सगळ्या राज्याचाच निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून टाकले होते आणि पेपर पूर्ण लेखी झाला होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. मधल्यामध्ये सापडली ती आमची एकच बॅच.

पुढे हे मी विसरूनही गेलो. पुण्यात मेकॅनिकलला होतो, शेवटच्या वर्षाला आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये निकाल लागला : 98.7 पर्सेंटाइल. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्या वर्षी परीक्षेला 2 लाख 93 हजार जण बसले होते, म्हणजे माझ्या पुढे साधारण 3800 जण उरतात. तरीही घरात आनंद होता. दोन दिवसांनी कॅटच्या क्लासमधून फोन आला, ‘प्रोफाइल इव्हॅल्युएशनला ये.’

सरांनी चारच गोष्टी विचारल्या. दहावी, बारावी, डिग्री, नोकरीचे महिने. कागदावर लिहिलं : 7-8-8, पहिल्या तिन्हींच्या टक्क्यांचे पहिले आकडे. त्याखाली ‘जेम, फ्रेशर’. जेम म्हणजे जनरल, इंजिनिअर, मेल. या गर्दीत सगळ्यात जास्त जण त्याच गटातले, म्हणून प्रत्येक जागेला चुरसही त्यांच्यातच जास्त. मग ते म्हणाले, “अहमदाबाद, बंगळूर विसर. तुझी दहावी आडवी येतेय.”

मी विचारलं, “सर, साडेनव्व्याण्णव असते तर?”

“तरी बंगळूर अवघडच होतं.”

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. दहावी आडवी येते हे खरं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अहमदाबादच्या प्रवेशाच्या धोरणात गुणांचे पट्टे दिलेले असतात. दहावीला 70 ते 80 टक्के असतील तर 5 गुण, 80 च्या वर गेलात की 8. माझे दीड टक्के कमी पडले आणि तीन गुण गेले. बंगळूरलाही दहावी-बारावीला बरंच वजन आहे. ते हे सगळं छापून जाहीर करतात, लपवत नाहीत. पण मग हाच कागद दीड वर्षापूर्वी, क्लासच्या प्रवेशाच्या दिवशी, माझ्यासमोर का ठेवला नाही? त्या दिवशीच्या फॉर्ममध्ये दहावीच्या टक्क्यांचा रकाना होता. मार्कलिस्टची झेरॉक्स जोडून घेतली होती. टेबलापलीकडे हेच सर होते. शेजारी माझे वडील बसले होते, एसटी डेपोत मेकॅनिक, त्या दिवशी रजा टाकून आले होते. त्यांनी सरळ विचारलं होतं, “साहेब, आमच्या पोराचं होईल का?” आणि सर म्हणाले होते, “त्याने फक्त नव्व्याण्णव आणावेत, बाकी आमच्यावर सोडा.” भिंतीवर तीन मोठ्या आयआयएमची नावं आणि निवड झालेल्या मुलांचे फोटो होते. त्यातल्या एकाच्याही फोटोखाली त्याची दहावी लिहिलेली नव्हती.

मी त्यांना हे बोलून दाखवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “फी परीक्षेच्या तयारीची असते, मुलाखतीच्या कॉलची नसते.” मग जरा थांबून, “आणि आधी सांगितलं तर पोरं अभ्यास करत नाहीत.”

पहिलं वाक्य नियमात बसणारं आहे. दुसऱ्याचा मला फार राग आला. माझ्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत असताना ते दाबून ठेवायचं, आणि वर ते माझ्याच भल्यासाठी म्हणायचं? फी दोन हप्त्यांत घेतली होती. दुसरा हप्ता भरायच्या आधी तरी सांगायचं.

बारावीचंही सांगतो, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. 2021 ला आमची बारावीची परीक्षा झालीच नाही. निकाल लावला तो दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीचे 40 टक्के धरून. म्हणजे 2019 ची तीच दहावी बारावीच्या गुणांतही येऊन बसली. बंगळूरवाले प्रत्येक बोर्डाचे गुण त्या बोर्डातल्या अर्जदारांच्या 90व्या पर्सेंटाइलने भागून घेतात. सीबीएसई आणि आपलं स्टेट बोर्ड यांतली दरी त्याने भरते. एकाच बोर्डाच्या दोन वर्षांतली दरी भरत नाही.

तरीही दहावी-बारावी मोजूच नये, असं माझं म्हणणं नाही. दोन तासांच्या एका पेपरवर सगळं ठरवणं त्याहून वाईट. तो पेपर ज्यांना महागडे क्लास परवडतात त्यांच्या जास्त ओळखीचा असतो. बार्शीच्या शाळेतली दहावी निदान माझी मी, शिकवणीशिवाय मिळवली होती.

पुढचं थोडक्यात. नव्या आयआयएमच्या सामाईक फेरीतून, कॅपमधून, कॉल आला. मुलाखतीत वीसेक मिनिटं माझ्या प्रोजेक्टवर, वेल्डिंगच्या फिक्स्चरवर गेली. दहावीचं कुणी नावही काढलं नाही. निवड झाली. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

गावाकडची मुलं फोन करतात, ‘दादा, माझं कुठे होईल?’ मी आधी विचारतो, दहावी कुठल्या साली आणि कुठल्या बोर्डातून. मग सांगतो, क्लासला पैसे द्यायच्या आधी त्या त्या संस्थेचं प्रवेशाचं धोरण उघड आणि आपले आकडे त्यात घालून बघ. जाहीर केलेला कटऑफ ही फक्त पात्रतेची रेघ आहे, कॉल त्याच्या बराच वर लागतो. आणि दहावी कमी असेल तर राज्याची एमबीए सीईटी सोडू नकोस. जमनालाल बजाजसारखी संस्था त्यातून मिळते, मुलाखत नाही आणि गुणवत्ता यादी सीईटीवर लागते.

मागच्या उन्हाळ्यात पंढरपूरच्या मावसभावाला मी असंच सगळं मांडून दाखवलं. त्याची दहावी 66 टक्के. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅटचा फॉर्म भरलाच नाही, सीईटीचाही नाही. चाकणला एका कारखान्यात लागलाय. मावशी मला फोनवर म्हणाली, “तू त्याला काय सांगितलंस रे? चांगला अभ्यासाला बसत होता.” मी म्हटलं, “मावशी, खरं तेच सांगितलं.” ती म्हणाली, “खरं सांगायला काय झालं? पण त्याला बसू तरी द्यायचंस.”

त्यावर मला बोलता आलं नाही. कारण फीच्या दिवशी सरांनी वडिलांना सरळ ‘नाही’ म्हटलं असतं, तर वडील मला घेऊन उठले असते. मी कॅट दिलीच नसती आणि आज इथे नसतो. तरी त्या सरांबद्दलचा राग कमी होत नाही. त्यांनी सांगायलाच हवं होतं. मावसभावाला परवा पुन्हा फोन केला, या वर्षीची सीईटी तरी दे म्हणून. बघतो म्हणाला.